क्लच गेला म्हणण्याआधी

पिकअप गॅरेजसमोर उभी केली आणि "क्लचचा प्रॉब्लेम आहे" असं म्हटलं, की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सेट टाकून घ्या." सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. कधी कधी ते खरंही असतं. पण दहा-बारा वर्षं भाजी, दूध, सिमेंट वाहून दमलेल्या बोलेरो पिकअपला किंवा टाटा २०७ ला क्लचची तक्रार केबलमुळे येऊ शकते, क्लच ऑइलच्या गळतीमुळे येऊ शकते, इंजिनाच्या फाउंडेशन रबरामुळे येऊ शकते. यातल्या एकाही कामाला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही. केबल काही शे रुपयांत येते. सेट आणि मजुरी मिळून हजारांत जातं, वर गाडी दोन दिवस उभी राहते ती वेगळी.

म्हणून गाडी मेस्त्रीकडे नेण्याआधी घरच्या अंगणात तासभर काढा. दोन उट्या, एक टॉर्च, एक फूटपट्टी आणि पेडल दाबायला एक माणूस, एवढं पुरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. पेडल वर असताना प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरावर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की केबल किंवा ऑइल फोर्कला ढकलतं, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरना, आणि मधली प्लेट मोकळी होते. त्यामुळे क्लचची मुख्य दुखणी दोनच. एक, क्लच धरत नाही, म्हणजे घसरतो. दुसरं, क्लच सुटत नाही. ही दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट आहेत, पण बोलताना आपण दोघांनाही "क्लच गेला" म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. अ‍ॅडजस्टमेंट सैल केली तर घसरणारा क्लच सुधारू शकतो, पण न सुटणारा आणखी बिघडतो.

दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारा: हे एकदम झालं की हळूहळू? प्लेट झिजते ती महिनोन्‌महिने. काल रात्री गाडी व्यवस्थित लावली आणि आज सकाळी गिअरच पडत नाही, असं असेल तर प्लेट झिजल्याचा संशय जवळजवळ सोडून द्या. एका रात्रीत केबल तुटते, सील फाटतं, ऑइल उतरतं. क्वचित आतली एखादी फिंगर किंवा फोर्क मोडतो. उलट "पूर्वी घाटात चौथ्यावर चढायची, आता तिसऱ्यावरही ओढत नाही" अशी दोन-तीन महिन्यांची तक्रार असेल, तर प्लेटकडे बोट दाखवायला हरकत नाही. पण तेव्हाही एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचा पाइप आधी बघून घ्या. इंजिन ओढत नसेल तर आवाज वाढत नाही, वेगही वाढत नाही. क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो, वेग तेवढा वाढत नाही. हा फरक कानाला चांगला कळतो.

क्लच घसरतो तेव्हा

एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाटातून कोल्हापूरकडे चढणारी गाडी हे घसरणाऱ्या क्लचचं खरं परीक्षाकेंद्र. वरून ऊन, मागे वजन, समोर रांगेत अडकलेला ट्रक. दर दहा फुटांवर अर्धा क्लच. सपाटीवर आणि रिकाम्या गाडीत लपलेला दोष तिथे उघडा पडतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र आहे त्याच चालीने चढते, आणि केबिनमध्ये जळका, नाकाला झोंबणारा वास येतो.

घाट जवळ नसेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास वेग धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटक्याने वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. ही परीक्षा वरच्याच गिअरमध्ये करायची. पहिल्या-दुसऱ्यात गाडी पटकन उचलते, क्लचवर पूर्ण ओढ फार वेळ राहत नाही, आणि अर्धवट झिजलेली प्लेटही तिथे पास होते.

गाडी जागेवर उभी करून घ्यायची परीक्षा बऱ्याच जणांना माहीत आहे. हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून उटी लावायची, समोर कुणी नाही याची खात्री करायची. मग ब्रेकवर पाय ठेवून चौथा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते धडधडत चालूच राहिलं तर क्लच नक्की घसरतोय. पण बंद पडलं म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ काढू नका. या परीक्षेत फक्त पार गेलेला क्लच नापास होतो. घाटात घसरायला नुकती सुरुवात झालेला सुटून जातो. आणि ही परीक्षा एकदाच घ्या. पाच-सहा वेळा केली तर जी प्लेट अजून चार महिने चालली असती तीही जाळून ठेवाल.

घसरतो हे नक्की झालं तरी लगेच सेट मागवू नका. आधी पेडलचा फ्री प्ले बघा. पेडल हाताने, बोटांनी दाबायचं, पायाने नाही. सुरुवातीला ते अगदी हलकं खाली जातं आणि मग जड लागतं. त्या हलक्या अंतराला फ्री प्ले म्हणतात. बऱ्याच गाड्यांत तो दोन-तीन सेंटिमीटर असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तशा प्रेशर प्लेटच्या फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि फ्री प्ले कमी होत जातो. तो शून्यावर आला की पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरवर दाब देत राहतं. म्हणजे ड्रायव्हरने कायम थोडा क्लच दाबून ठेवल्यासारखंच झालं. प्लेट चांगली असूनही क्लच घसरतो, आणि घसरून घसरून ती चांगली प्लेटही जळते. वेळीच नट फिरवून केबल सैल केली असती तर एवढं झालंच नसतं.

फ्री प्ले बरोबर आहे, तरी घसरतो? मग प्लेट झिजलेली आहे, तिच्यावर ऑइल उतरलंय किंवा प्रेशर प्लेटची स्प्रिंग मऊ पडली आहे. गाडीखाली जाऊन टॉर्चने बेल हाउसिंगचा खालचा भाग बघा. तिथे ओलं असेल तर बोटाने पुसून वास घ्या. काळंकुट्ट, पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलंय. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील. हे मेस्त्रीला आधीच सांगा. नाहीतर नवा सेट बसतो, जुनं सील तसंच राहतं, आणि पुढच्या हंगामात नवी प्लेटही तेलात भिजते.

क्लच सुटत नाही तेव्हा

इथे गिअर टाकताना त्रास होतो. पहिला गिअर कडक पडतो, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू बघते.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर ते लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनावर अडत असतील तर दोष क्लच सुटण्यातच आहे. दोन्ही वेळा कडक पडत असतील तर गिअर लिव्हरचे बुश आणि लिंकेज बघा, क्लचला दोष देऊ नका. आणि चालत्या गाडीत फक्त एकच गिअर, समजा दुसरा, खरखरत असेल आणि बाकीचे शांतपणे पडत असतील तर त्या गिअरचा सिंक्रो गेलाय. या एका लक्षणावरून कित्येक गाड्यांचे क्लच उगाच बदलले जातात.

पुढे रिव्हर्सची परीक्षा. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगवर ठेवा, क्लच तळाला टेकवा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो. त्यामुळे आतला शाफ्ट थांबलेला नसेल तर तो लपवाछपवी न करता आवाज करतोच. चार सेकंद थांबूनही खरखरला तर प्लेट मोकळी होत नाही.

यापुढची वाट गाडीला केबल आहे की ऑइलचा क्लच, यावर ठरते. बॉनेट उघडून पाहिलं तर लगेच कळतं.

ऑइलचा क्लच असेल तर पेडल तीन-चार वेळा भराभर पंप करा आणि लगेच गिअर टाका. पंप केल्यावर गिअर नीट पडला तर सिस्टिममध्ये हवा शिरलीय किंवा मास्टर सिलिंडरचं सील कमजोर झालंय. पंप करून गिअर टाकला आणि पेडल दाबूनच ठेवलं, तरी अर्ध्या मिनिटात गाडी हळूहळू सरकू लागली, तर सील आतल्या आत दाब सोडतंय. बाहेर एक थेंबही दिसणार नाही. बाहेरची गळती दोन ठिकाणी शोधा. केबिनमध्ये पेडलच्या वर, जिथून मास्टर सिलिंडरचा रॉड आत येतो तिथे बोट फिरवा. आणि गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट जरा मागे सारा. बुटाच्या आत ओलसर असेल तर चोर सापडला. टाकीतली पातळी उतरली म्हणून नुसतं ऑइल भरत राहणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरण्यासारखं आहे.

टाकीत भरायचं ते झाकणावर लिहिलेलं ब्रेक ऑइलच. या गाड्यांना बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ लागतं. कुणी घाईत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलं तर सगळी रबरं फुगतात आणि मास्टर, स्लेव्ह, पाइप सगळंच बदलावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, आणि कोकणात तर विशेषच, ते दोन वर्षांनी बदललेलं बरं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

सील चांगलं, गळती नाही, हवा काढून झाली, तरी क्लच सुटत नसेल तर फूटपट्टी काढा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते मोजायचं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, उट्या लावलेल्या. रॉड पुरेसा सरकतोय तर बाहेरचं सगळं ठीक आणि दोष आत आहे. कमी सरकत असेल तर दोष अजून बाहेरच आहे. या वेळी रबरी पाइपवर बोटं ठेवून बघा. जुना पाइप पेडलबरोबर फुगत असेल तर अर्धा दाब तिथेच वाया जातोय. गिअरबॉक्स उतरवायचा की नाही, याचा निकाल या एका मापाने लागतो. गॅरेजमध्ये ते घेताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

केबलची गाडी असेल तर केबलची दोन्ही टोकं बघा. पेडलकडच्या टोकाला तारा सुटायला लागल्या असतील तर ती रस्त्यात तुटणार हे नक्की. पेडल जड झालं असेल तर केबल आतून गंजलीय किंवा तिचं कव्हर कुठेतरी दबलंय. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. केबिन आणि इंजिनामधला पत्रा जिथे केबलला आधार देतो, तिथे तो थकून चिरतो. बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि त्या जागेकडे नजर लावून बसा. पत्रा श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होताना दिसला, तर तुमच्या पायाचा जोर फोर्कपर्यंत न पोचता पत्र्यातच जिरतोय. नवी केबल टाकूनही उपयोग नाही. तिथे वेल्डिंग करून पट्टी मारावी लागेल.

आणि नवी केबल पुन्हा पुन्हा कडक होत असेल, कव्हर वितळल्यासारखं दिसत असेल, तर इंजिन आणि चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी बघा. ती तुटली किंवा गंजली की सेल्फ मारताना लागणारा प्रचंड करंट परतीची वाट शोधतो, आणि क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल त्याला आयती सापडते. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, तार अडकते. सेल्फ आळशी झालाय आणि क्लच जड झालाय, अशा दोन तक्रारी एकदम आल्या तर हीच पट्टी आधी तपासा.

पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल, ऑइल, केबल सगळं ठीक असतं, क्लच मात्र सुटत नाही. इंजिन चांगलं तापू दिल्यावर बरेचदा ती सुटते. न सुटली तर मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कुणी नसताना, गिअरमध्ये सेल्फ मारून, क्लच दाबलेला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोड-पकड करावा लागतो. इंजिन सुरू होताच गाडी चालू लागणार, हे विसरून चालणार नाही. समोर भिंत असेल तर हा प्रयोग करू नका.

आवाज आणि हिसके

आवाज ओळखायला एक मिनिट लागतं. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय पेडलवर नाही: अशा वेळी घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग वाजतंय. उलट, पेडलला पाय टेकवताच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. क्लच पूर्ण दाबून गिअर टाकलेला असतानाच आवाज येत असेल तर फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग. तेच जाम झालं तर क्लच सुटतही नाही. वाजणारं रिलीज बेअरिंग काही दिवस सांभाळून चालतं, पण ते फुटलं तर फिंगर खाऊन टाकतं.

गाडी उचलताना थरथरते, हिसके देते, तेव्हा लोक प्लेट वाकडी झाली म्हणतात. तसं असू शकतं. फ्लायव्हील तापून त्यावर निळे डाग पडले असतील किंवा प्लेटवर ऑइल असेल तरीही हिसके येतात. पण आधी फाउंडेशन बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि उट्या लावा, आणि एकाला क्लच अर्धवट सोडून लगेच दाबायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन एका बाजूने उचललं जात असेल तर रबर फाटलंय. मागे पाट्यांचे यू बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून बघा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायची आपल्याकडची रीत बघता यातलं काहीतरी ढिलं निघायचंच.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

मग अर्धवट काम करून घेऊ नका. उतरवायची मजुरी एकदाच द्यायची आहे. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, फोर्कचा पिव्हट, सगळं बघून घ्या. जुन्या प्लेटला नुसतं लायनर मारून बसवायचा सल्ला मिळेल. लांबच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला तो परवडत नाही. फ्लायव्हीलवर चिरा किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या.

जुनी प्लेट हातात घ्या आणि वाचा. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून ०.३ मिलिमीटरवर आलं असेल तर तिचं आयुष्य खरंच संपलं होतं. लायनिंग जाड आहे पण चकचकीत काळं पडलंय, तर अर्ध्या क्लचवर गाडी चालवण्याची सवय बोलतेय. तेलकट असेल तर सील. एका बाजूला जास्त घासलेली असेल तर प्रेशर प्लेटच्या फिंगर एका पातळीत आहेत का ते बघा. मधल्या हबच्या स्प्रिंग खुळखुळत असतील तर आवाज तिथूनच येत होता.

आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची पद्धत सगळीकडे आहे. तिला ठामपणे नाही म्हणा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत जाणं वाईट. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. नवी प्लेट बसवताना तिच्या लायनिंगला ग्रीसचे हात लागू देऊ नका, आणि कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते प्लेटवर छापलेलं असतं, ते बसवण्याआधी बघून घ्या. उलटी बसलेली नवीकोरी प्लेट सुटत नाही आणि सगळं काम परत करावं लागतं.

क्लचने रस्त्यातच दगा दिला, म्हणजे केबल तुटली किंवा ऑइल संपलं, तर गाडी टोइंगशिवायही जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. शक्य असेल तर माल उतरवा. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका, समोर मोकळं बघा, सेल्फ मारा. गाडी हिसका देऊन चालू लागेल. दुसऱ्या गिअरसाठी अ‍ॅक्सिलरेटर सोडून लिव्हर अलगद न्यूट्रलमध्ये आणा, आवाज उतरू द्या आणि हलक्या हाताने दुसऱ्यात सरकवा. जबरदस्ती करू नका. थांबायचं असेल तर आधी न्यूट्रल. गर्दीत किंवा उतारावर हा उद्योग करू नका, तिथे टोइंगचे पैसे देणं स्वस्त पडतं.

नवा सेट बसल्यावर पहिले पाचशे किलोमीटर वजन कमी ठेवा आणि शक्यतो घाट टाळा. लायनिंग फ्लायव्हीलवर बसेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. त्या पाचशेनंतर फूटपट्टी घेऊन पेडलचा फ्री प्ले पुन्हा मोजा. केबलच्या गाडीत तो थोडा बदललेला असतो, आणि नट किती फिरवायचा हे तेव्हाच कळतं.